तो वीट, ती वीट

"चोरी चाललीय की खोदकाम?"

वरून आवाज आला तेव्हा मावशी खड्ड्यात होती, कोपरापर्यंत चिखलात. बादली अर्धी भरली होती. मोठी भाची काठावर पहाऱ्याला उभी होती, आणि पहारा इतका चोख होता की तिने पुस्तकातून मान वर काढली नव्हती. धाकटी – तिला सगळे भिंगरीच म्हणत – मावशीपेक्षाही खोल चिखलात होती आणि तिथून परत यायचा तिचा विचार दिसत नव्हता.

मावशीने वर पाहिलं. पिवळं हेल्मेट. हेल्मेटखाली आठ्या. आठ्यांखाली डोळे... आणि ते मात्र आठ्यांच्या बाजूने नव्हते.

"चोरी," ती म्हणाली. खोटं सुचायला वेळच मिळाला नाही.

"कशाची?"

"चिखलाची."

"आमच्या पायाचा चिखल?"

"इमारतीच्या पायाचा. तुमच्या पायांचा तुमच्याकडेच राहू दे."

तो हसला नाही, पण हेल्मेट थोडं हललं. "हा चिखल आम्ही भाडं देऊन ट्रकने बाहेर टाकतो."

"म्हणजे आम्ही मदतच करतोय."

"मदत विचारून करतात."

"विचारलं असतं तर दिला असता?"

"आता ते कळायला मार्ग राहिला नाही."

एवढ्यात मोठीने पान उलटता उलटता खुलासा केला. "आम्हाला अंगणात ऊर बांधायचं आहे."

 तो मावशीकडे बघत म्हणाला, "ऊर फुटेस्तोवर धावतात. ऊर भरून येतो, हेही ऐकलंय. पण बांधतात... हे नवीन आहे."

"शहराचं नाव आहे ते," मोठी म्हणाली. तिला त्याची कीव आली होती. "चार हजार वर्षांपूर्वी मोठं होतं. मेसोपोटेमियात."

"पोटेमियात," भिंगरी खालून म्हणाली. "तिथे सगळ्यांचे पोट मोठे होते."

त्याने हेल्मेट काढून काठावर ठेवलं आणि खड्ड्यात उतरला. "वरची माती घेताय. हिच्यात वाळू जास्त. विटा करायच्या असतील तर ही खालची, चिकट घ्या." त्याने हाताने खरवडून बादली भरली आणि उचलायला कडी धरली. मावशीनेही त्याच वेळी धरली. चारही हात चिखलाने सारखेच माखलेले. क्षणभर कुठला कोणाचा ते दोघांनाही कळेना. कळल्यावरही कोणी घाई केली नाही.

"रोज एक बादली न्या," तो म्हणाला. "पण फाटकातून. खड्ड्यात पडलात तर मला उत्तर द्यावं लागेल."

"कोणाला?"

"ते... बघावं लागेल."

इमारत ज्या गल्लीत उठत होती, तिच्या समोरच्याच बाजूला ताईचं घर होतं. ताई म्हणजे मावशीची थोरली बहीण, मुलींची आई. ती रुग्णालयात भूलतज्ज्ञ होती. भल्याभल्यांना बोलता बोलता झोपवायची सवय असल्यामुळे घरी कोणी जागेपणी वाद घातला की तिला खपत नसे. भावोजी स्वभावाने इतके शांत होते की त्यांना भूल द्यायची कधी वेळ आली नव्हती.

मुलींना पुढच्या सत्रात नव्या शाळेत घालायचं होतं. तोवर काय, हा प्रश्न होता. आणि नेमकी त्याच सुमाराला मावशी आपली शाळेतली नोकरी सोडून आली होती. तिथे इतिहासाच्या तासाला मुलांनी धड्यातल्या महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारायच्या, एवढंच काम असे. मावशीने रेघा बंद करून मुलांना कागदाच्या पट्ट्या आडव्या-उभ्या चिकटवून इजिप्तचा पपायरस करायला लावला. खळ थोडी मुख्याध्यापकांच्या खुर्चीवर सांडली. मुख्याध्यापक उठले, तेव्हा खुर्चीही उठली. पुढची बोलणी दोन्ही बाजूंनी आटोपशीर झाली.

"सत्रभर तूच शिकव पोरींना," ताई म्हणाली होती. "फक्त घर जागेवर राहू दे."

घर जागेवर राहिलं. बाकी बरंच हललं. नाईलचा पूर न्हाणीघरात आला आणि भावोजींच्या चपला दक्षिणेकडे वाहून गेल्या. नाण्यांच्या आधीचा बाजार शिकताना भिंगरीने आईचा स्टेथोस्कोप शेजारच्या मुलाच्या भोवऱ्याशी बदलला. सौदा उत्तम झाला असं सगळ्यांचं मत पडलं, ताई सोडून. आणि मीठ-सोड्यात पुरून ममी केलेलं सफरचंद ताईने एकदा अंधारात, दिवसभराच्या कामानंतर, खाल्लं. ते टिकाऊ निघालं. ताईच तेवढी दोन दिवस टिकेल की नाही असं वाटत होतं.

ही सगळी मजा चालू असताना एक गोष्ट मात्र घरात सगळ्यांना ठाऊक होती. सत्र संपलं की मावशीचं इथलं काम संपणार. आणि एका लांबच्या गावातल्या निवासी शाळेने तिला बोलावलं होतं.

"राहायला खोली, खोलीला खिडकी, खिडकीबाहेर झाड," ताई म्हणायची. "आणखी काय पाहिजे तुला?"

"विचार करते."

"त्यांना सत्राच्या शेवटच्या सोमवारपर्यंत सांगायचंय. विचार करतेस की रस्त्यापलीकडे बघतेस?"

"मी चिखल सुकतोय का ते बघते."

"चिखल आपल्या अंगणात आहे गं."

रस्त्यापलीकडचं पिवळं हेल्मेट आता रोज संध्याकाळी या बाजूला येत होतं. मुलींनी त्याला हेल्मेटकाका करून टाकलं होतं. पहिल्या दिवशी तो आला तो अंगणाची पाहणी करायला; पाच मिनिटांसाठी. चहा झाला, दिवे लागले, मग तो म्हणाला, "बरं... उरलेली पाहणी उद्या."

पहिल्या विटा सगळ्या तडकल्या. लाकडी साच्यातून त्या चौकोनी, गुळगुळीत, शहाण्या मुलांसारख्या बाहेर यायच्या आणि दुपारच्या उन्हात प्रत्येकीचा कपाळमोक्ष व्हायचा. हेल्मेटकाकाने पाणी कमी करायला सांगितलं, तेव्हा त्या साच्यातच राहू लागल्या. पाणी वाढवायला सांगितलं, तेव्हा त्या पसरल्या.

"तुम्ही खरंच इंजिनियर आहात ना?" मावशीने विचारलं.

"आमच्याकडे विटा तयार येतात," तो ओशाळून म्हणाला. "चार हजार वर्षांत थोडी सुधारणा झाली."

मातीत चिरलेलं वाळकं गवत घालायचं, हे मोठीने पुस्तकात शोधून काढलं. काचेच्या खोक्यांत भरून येणारं गवत त्याने साइटवरून पोतंभर आणून दिलं, आणि मग पायांनी तुडवण्याचं काम भिंगरीकडे गेलं. तिला या कामाची उपजत जाण होती. बऱ्याच विटा टिकू लागल्या. आणि एका सकाळी तर अशी एक ओळ मिळाली की जिच्यातल्या एकाही विटेला केसाएवढी चीर नव्हती.

मावशीने एक वीट उचलली. नखाने खरवडली. पुन्हा खरवडली. संध्याकाळी तो फाटकातून आत आला, तेव्हा ती वीट घेऊन दारातच उभी होती.

"हे सिमेंट आहे."

"कुठे?"

"माझ्या हातात. ऊरच्या राजाकडे तुमची एजन्सी होती का?"

तो विटेकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "थोडंसंच घातलं. काल तुमचा चेहरा... विटा तडकल्या की तो असा होतो ना..."

"कसा?"

"तडकल्यासारखा."

"मग तडकू दे. तडकली की मुली विचारतात, का तडकली. विचारतात म्हणून शिकतात. तुम्ही रात्रीतून उत्तर कालवून ठेवलंत, तर मी दिवसा शिकवू काय?"

"चुकलं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पण चेहऱ्याचं काय करायचं?"

"चेहऱ्याचं मी बघते."

"मीही तेच करतो," तो म्हणाला आणि एकदम गवताच्या पोत्यात काहीतरी शोधू लागला. त्यात शोधण्यासारखं काही नव्हतं.

भिंगरीचं व्याकरण वेगळं होतं, ते इथे सांगून टाकायला हवं. तिला जे जे आवडे ते ते तिने पुल्लिंगी करून टाकलं होतं. तो नदी. माझा बाहुली. आपला वीट. नावडत्या गोष्टी तिने नपुंसकलिंगात ढकलल्या होत्या – ते औषध, ते झोप, ते शाळा. मोठी दिवसातून दहा वेळा म्हणायची, "तो वीट नाही गं, ती वीट." भिंगरी म्हणायची, "तुझा ती. माझा तो." मावशीने फारसं टोकलं नव्हतं. लहान मुलाने भाषेला आपल्या आवडीचं वळण द्यायचा प्रयत्न केला तर भाषा आपणच हळूहळू त्याला सरळ करते, असं तिचं मत होतं. हे 'हळूहळू' किती महागात पडेल, याचा अंदाज मात्र तिला नव्हता.

ऊरचं मोठं मंदिर आतून कच्च्या विटांचं होतं आणि बाहेरून भट्टीत भाजलेल्या विटांचं. मग आपल्याही मंदिराला निदान एक तरी भाजलेली वीट हवी, असं मुलींनी ठरवलं. साइटवर विटा टाकून जाणारा ट्रक रिकामा भट्टीकडे परतायचा. त्याच्याबरोबर हेल्मेटकाकाने अंगणातली सगळ्यात देखणी वीट पाठवून दिली. आठवडा गेला, दुसरा गेला. ट्रकवाला म्हणाला, लाखभर विटांत ती कुठेतरी असेलच. मुलींनी तिची शोकसभा घेतली. भावोजी दोन शब्द बोलले. त्यानंतर तो विषय घराने सोडून दिला.

सत्र संपत आलं होतं. शाळेला कळवायच्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी दुपारी आभाळ एकाएकी भरून आलं. पावसाचे दिवस नव्हते. चुकून वाट सोडून आलेला ढग असावा. अंगणात भिंती उभ्या राहिल्या होत्या, गल्ल्या आखल्या होत्या, मंदिराचे दोन टप्पे झाले होते, आणि सगळं कच्चं. पहिला थेंब मोठीच्या नाकावर पडला.

"मावशी, ऊर भिजतंय..."

चादर आणायला मावशी आत वळते तोच रस्ता ओलांडून कोणीतरी धावत आलं. हातात घडी घातलेली निळी ताडपत्री, डोक्यावर हेल्मेट. धापा टाकत त्याने एक टोक तिच्याकडे फेकलं. "धरा... वर... वर धरा, भिंतीला लागू देऊ नका..."

खुंट्या नव्हत्या, दोरी नव्हती. दोघं दोन बाजूंनी हात उंच करून उभे राहिले. मधे चार हजार वर्षांचं शहर, त्यात ताडपत्रीखाली बसलेल्या दोन पोरी, आणि वर ताडताड वाजणारा पाऊस. तिच्या केसांतून पाणी ओघळून डोळ्यांत जात होतं. पुसायला हात मोकळा नव्हता. तो बघत होता. त्याचाही हात मोकळा नव्हता. कधीकधी असंही बरं असतं.

"डावीकडे पाणी साठतंय," ती म्हणाली.

"हो."

"मग तिकडे बघा ना. माझ्याकडे काय बघताय?"

"तिकडे... फक्त पाणी आहे."

 ताडपत्री तिच्या बाजूने जरा खाली आली.

पाऊस आला तसा निघून गेला. एक भिंत कलली, बाकी शहर वाचलं. आणि तेव्हाच फाटकाशी मुकादम येऊन उभा राहिला – साइटवरचा म्हातारा, कमरेवर हात ठेवून.

"साहेब, ताडपत्री कुठं गेली म्हणून शोधत होतो."

"का? काय झालं?"

"काही नाही. सिमेंटच्या गोण्यांवरून काढलीत तुम्ही ती. गोण्या आता गोण्या नाहीत. दगड झालेत." त्याने अंगणातल्या बोटभर भिंतींकडे पाहिलं, मग ओल्याचिंब मावशीकडे, मग पुन्हा साहेबाकडे. "पण असू दे. इथलं बांधकाम जास्त निकडीचं दिसतंय."

मुकादम गेला. मुली कललेल्या भिंतीभोवती चर्चा करत होत्या. मावशीला वाटलं, आता. आता सांगितलं तर तो काहीतरी म्हणेल. आणि तो जे म्हणेल त्यावर सोमवार ठरेल.

"मला एका शाळेने बोलावलंय," ती केस पिळत म्हणाली. "लांब आहे. सोमवारी त्यांना हो-नाही कळवायचंय."

तो उभाच राहिला. "चांगली... चांगली शाळा आहे?"

"मैदान मोठं आहे म्हणतात."

"हां. मैदान महत्त्वाचं." त्याने ओल्या ताडपत्रीची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली. ज्या माणसाला दर मजल्याचं वजन तोंडपाठ होतं त्याला एक वाक्य उचलेना. "उद्यापासून आमचा स्लॅब आहे," तो शेवटी म्हणाला. "एकदा ओतायला घेतला की मधे थांबता येत नाही. तर... यायला जमणार नाही एकदोन दिवस."

"नका येऊ," मावशी म्हणाली. "स्लॅब महत्त्वाचा."

रविवार गेला. रस्त्यापलीकडे यंत्र घरघरत होतं आणि पिवळी हेल्मेटं इतक्या उंचीवर होती की कुठलं कोणाचं ते ओळखू येत नव्हतं. मावशीने ओळखायचा प्रयत्न केला नाही. दर दहा मिनिटांनी एकदा केला नाही.

सोमवारी दुपारी भिंगरी नेहमीप्रमाणे छोटी बादली घेऊन साइटच्या फाटकाशी गेली. हेल्मेटकाका धावत खाली आला. चेहऱ्यावर सिमेंटचे शिंतोडे, डोळे जागरणाने लाल, पण तोंडभर हसू. तो गुडघ्यावर बसला आणि भिंगरीला म्हणाला, "मावशीला सांग, आपली वीट आली. फार वाट बघायला लावली, पण आली. सांगशील ना नीट?"

भिंगरीने मान डोलावली. वाक्य मोठं होतं, आणि रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंना बघायचं असतं. डावीकडे बघताना काही शब्द सांडले. उजवीकडे बघताना आणखी काही. उरलेल्यांना तिने आपल्या आवडीचं लिंग दिलं आणि घरात येऊन निरोप पोचवला.

"मावशी, हेल्मेटकाका म्हणाला, आपला वीट आला."

मावशी मोठीचं गणित तपासत होती. पेन्सिल थांबली. "काय म्हणाले?"

"आपला वीट आला. फार वाट लावली, म्हणाला."

एरवी भिंगरीची चूक ऐकताक्षणी चूक वाटायची. 'माझा वाटी कुठे' म्हटलं की कोणालाही कळावं. पण या वेळी तिची चूक जाऊन शुद्ध मराठीत चपखल बसली. तिच्यात खटकण्यासारखं काही उरलंच नाही. शिवाय मन धास्तावलेलं असलं की माणूस व्याकरण तपासत नाही. जे ऐकायची भीती असते तेच त्याला ऐकू येतं.

"आणखी काही म्हणाले?"

भिंगरीने आठवलं. "हसत होता."

"हसत?"

"खूप."

मावशी उठली. भिजून दगड झालेल्या गोण्या तिला आठवल्या. कामावर त्याला बोलणी बसली असतील. शेवटी वाटच लावली आपण त्याची... रोजची बादली, रोजचा चहा, रोजच्या शंका. त्याच्या जागी कोणालाही वीट आला असता. तिने शाळेला फोन लावला.

"येते," ती म्हणाली. "पण एक अट आहे. माझ्या तासाला चिखल असतो."

 पलीकडून तिथल्या मोठ्या बाईंचा आवाज आला, "वर्गात नको. मैदानात असू दे. आणि वर्गात येताना हात धुऊन."

उत्तर इतकं चांगलं होतं की मावशीला रडूच आलं. शाळा वाईट निघाली असती तर तिला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी ताई कपाटावरून मोठी बॅग काढत होती, तेव्हा दार वाजलं. मावशीने उघडलं. दारात तो होता. आंघोळ केलेला, केस विंचरलेले, हेल्मेट नाही. हेल्मेटशिवाय तो जरा लहान आणि बराच घाबरलेला दिसत होता. हात मागे.

"निरोप मिळाला ना?" त्याने विचारलं.

"मिळाला," मावशी म्हणाली. "एवढ्या लहान मुलीकडून सांगायला नको होतं. मला सांगितलं असतंत तर चाललं असतं."

"स्लॅब चालू होता. राहवलं नाही, म्हणून तिच्याबरोबर निरोप पाठवला."

"राहवलं नाही?"

"आनंदच तेवढा झाला होता."

"आनंद..." मावशीने दाराची कडी घट्ट धरली. "कधी आला म्हणे?"

"दुपारी. ट्रकमधून."

"ट्रकमधून?"

"हो. मीच मागे लागलो होतो. शनिवारपासून ट्रकवाल्याला सारखे फोन करतोय. तो म्हणाला, साहेब, एकदाची आली बघा, घ्या आणि माझा पिच्छा सोडा."

आतून मोठी आली. पुस्तकात बोट ठेवून, दमलेल्या शिक्षिकेच्या चेहऱ्याने. ती आळीपाळीने दोघांकडे बघत राहिली, मग म्हणाली, "काका, तुमच्याकडे काय आलं? तो वीट की ती वीट?"

"ती," तो गोंधळून म्हणाला आणि त्याने हात पुढे केले. लाल, भाजलेली, एका कोपऱ्यावर जरासा टवका उडालेली वीट. आरपार भाजली होती. टिचकी मारली तर वाजली असती.

"मावशीला तो मिळाला," मोठी म्हणाली. "निरोप भिंगरीने आणला होता."

 मग मावशी दारातच खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळे भरून आले, आणि ते हसण्याने की कशाने हे तिने कोणालाच सांगितलं नाही. तोही समोर पायरीवर बसला. वीट त्याच्या मांडीवर.

"तुम्हाला वाटलं, मला तुमचा...?"

"आणि वाट लावली, असंही कळलं."

"वाट बघायला लावली. विटेनं." तो थांबला. "शनिवारी विचारायचं होतं. पण रिकाम्या हाताने कसं विचारायचं, कळेना. म्हटलं, वीट सापडली तर ती घेऊन जाऊ. निदान हातात काहीतरी असेल. हात कापतात हो माझे."

मावशीने पाहिलं. वीट खरंच थोडी हलत होती.

"काय विचारायचं होतं?"

"जाऊ नका, असं म्हणणार होतो. पण मग सगळा रविवार स्लॅबवर उभा राहून विचार केला... आणि वाटलं, हे काही बरं नाही. तुम्हाला मोठं मैदान मिळतंय, आणि मी अंगणातच राहा म्हणतोय."

"मी हो म्हटलंय त्यांना," मावशी हळू आवाजात म्हणाली. "दुपारी. रागात म्हटलं. पण खरं सांगू... राग नसता तरी म्हटलं असतं, असं आता वाटतंय. त्यांनी चिखलाला परवानगी दिली."

 आत बॅगेच्या चेनचा आवाज चालू होता, तो थांबला. ताई ऐकत होती, आणि ऐकत नसल्याचं दाखवायची तिने तसदी घेतली नव्हती.

"परवानगी दिली असेल तर गेलंच पाहिजे," तो म्हणाला. "अशी शाळा पुन्हा मिळत नाही."

"एवढंच?"

"नाही. अजून आहे. माझी ही इमारत अजून पुरी व्हायची आहे. वरचे मजले, गिलावा, रंग. ती झाली की मला कुठेतरी पाठवतील. दर वेळी पाठवतात. आम्हा लोकांचं काय, जिथे खड्डा तिथे आम्ही."

"कुठे पाठवतात, ते कोण ठरवतं?"

"आत्तापर्यंत कंपनी ठरवायची." त्याने मान वर केली. आज मधे हेल्मेट नव्हतं, त्यामुळे डोळे लपवायला जागा नव्हती. "यापुढे... तुम्ही सांगा."

मावशीने वीट त्याच्या हातातून काढून बाजूला ठेवली. मग त्या मोकळ्या झालेल्या हातांकडे बघत म्हणाली, "त्या गावात रस्त्यांना खड्डे बरेच आहेत म्हणतात."

"मग झालंच तर."

"पण मध्ये पुढचं सगळं सत्र जाईल."

"जाऊ दे. ओला स्लॅबसुद्धा लगेच काढत नाही कोणी. खालचे टेकू राहू द्यावे लागतात."

"तुम्हाला प्रेमाचं बोलायला दुसरे शब्द येत नाहीत?"

"शिकवाल का?" तो म्हणाला. "हात धुऊन बसतो."

त्याचे हात कापायचे थांबले होते. कारण ते आता तिच्या हातांत होते.

भावोजी ऑफिसमधून आले ते दारातली गर्दी बघून पायरीखालीच थांबले. ताईने त्यांना थोडक्यात सगळं सांगितलं. भावोजींनी दोघांकडे पाहिलं, "बरं," म्हणाले, आणि त्यांच्या मानाने हे पुष्कळ बोलणं झालं. भिंगरी मात्र कधीची आईचा पदर ओढत होती.

"आई, मावशी याच्याशी लग्न करणार?"

"असं दिसतंय."

"मग आता याला काय म्हणायचं?"

"मावशीच्या नवऱ्याला काकाच म्हणतात."

भिंगरीने या उत्तरावर विचार केला. तिची साफ निराशा झाली होती. एवढं सगळं होऊन तिच्या वाट्याला नवीन काहीच आलं नव्हतं. "पण काका तर तो आधीपासूनच होता."

"हो गं," ताई म्हणाली. "तुला आधीपासून माहीत होतं. तुझ्या मावशीलाच उशिरा कळलं."